टायर कुणामुळे झिजले?

(दापोली तालुक्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात मांडलेला अनुभव. बोलण्याचा मजकूर थोडाफार संपादित करून देत आहोत.)

मैत्रिणींनो,

मला विषय दिला होता ‘गटाची मालमत्ता आणि निर्णयप्रक्रिया’. त्यावर टिपणं काढायला बसले आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर एकच गोष्ट येऊ लागली, आमच्या गटाची पिकअप गाडी. म्हणून टिपणं बाजूला ठेवली. आज मी त्या गाडीबद्दल, तिच्या टायरांबद्दल आणि आमच्या हातून एका मैत्रिणीवर झालेल्या अन्यायाबद्दल बोलणार आहे. त्या अन्यायात मी स्वतः सामील होते, हे सुरुवातीलाच सांगते.

या तालुक्यात बाईच्या डोक्यावर ओझं नवीन नाही. आंबा, लाकूडफाटा, पाणी, मासळी, सगळं डोक्यावरून गेलं. रमाबाई आंबेडकर याच तालुक्यातल्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या बाजारात वाहून नेत. म्हणजे ओझं वाहणाऱ्यांचाच हा मुलूख. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं इथल्या बागा आडव्या केल्या. हातातलं पीक गेल्यावर उरलेल्या मालाचा भाव तरी आपल्या हातात असावा, असं बायांना वाटू लागलं. टेम्पोवाला सांगेल ते भाडं आणि सांगेल ती वेळ, यातून सुटायचं होतं. तीन गटांनी मिळून कर्ज काढलं आणि जुनी पिकअप घेतली.

गाडी चालवायला आमच्यातलीच एक मैत्रीण पुढे आली. नाव सांगत नाही, तिनंच तसं सांगितलंय. नवऱ्यानं टाकलेली, मुलीला घेऊन माहेरी राहणारी. तिच्याकडे हलक्या मोटारीचं लायसन होतं. त्या लायसनवर पिकअप चालते का, असा वाद गावात झाला. तुमच्याकडेही होईल, म्हणून सांगून ठेवते. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तसा निकाल दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं तो कायम केला. १९८८ साली शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागल्या, त्याला इतकी वर्षं झाली. तरी आमच्या नाक्यावर प्रश्न हाच, ‘बाई चालवणार?’

चालवली. दीड वर्षं हर्णैहून मासळी, वाड्यांमधून आंबा, दापोलीहून खेडला माल. तक्रार नाही. मग हंगामात माल वाढला. भरलेली गाडी मागून बसायची, कच्च्या रस्त्यावर पोट घासायचं. बैठकीत ठरलं की गाडी ‘उचलून’ घ्यायची. मागे एक जादा पाटा घालायचा, आणि पुढची बाजू खाली दिसू नये म्हणून पुढच्या स्प्रिंगांवर जाड रिंग बसवायच्या. चालवणारी मैत्रीण म्हणाली होती, “पाटा नको, त्यापेक्षा एक फेरी जास्त करू.” इतिवृत्तात तिचं हे वाक्य नाही. इतिवृत्त मी लिहीत होते.

गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेला एका सदस्येचा नवरा. का? तर ‘तिथे बायकांचं काय काम’. हे वाक्य पुरुषांनी म्हटलेलं नाही. आम्हीच म्हटलं.

गाडी परत आली ती उंच, ऐटबाज. पण स्टिअरिंग वाकडं. सरळ रस्त्यावर सरळ जायचं तर चाक उजवीकडे वळवून धरावं लागे. ते गृहस्थ पुन्हा गॅरेजमध्ये गेले आणि म्हणाले, ‘स्टिअरिंग तेवढं सरळ करून द्या.’ तसं करून मिळालं. चार महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत झाले. नवीन जोडी घेतली, बारा हजारांवर गेली. अलाइनमेंट करून घेतलं. तीही जोडी त्याच वाटेनं गेली. पुन्हा अलाइनमेंट. तिसऱ्या जोडीची वेळ आली तेव्हा हप्ता थकला होता आणि बैठकीत आवाज चढले होते. आधीचे टायर पस्तीस हजार किलोमीटर चालले, मग आताच काय झालं? कुणी म्हणालं, ती ब्रेक जोरात मारते. कुणी म्हणालं, वळणं कापते. एक बाई तर म्हणाली, चांगले टायर विकून जुने लावले असतील. दोघीजणी त्या दिवशी गटातून निघून गेल्या.

चालवणारी मैत्रीण एवढंच म्हणाली, “ताई, हात सैल सोडला की गाडी डावीकडं जाते. मी तिला धरून असते. संध्याकाळी खांदा वर होत नाय.” मी तिला खांद्याला लावायला मलम सांगितलं! मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलंय. बाईच्या अंगाच्या दुखण्यामागे कामाची परिस्थिती शोधावी, हे मी प्रशिक्षणांत शिकवते. तिचा खांदा गाडीची तक्रार सांगत होता आणि मला ते ऐकू आलं नाही. त्या बैठकीत ठराव झाला की तिला महिनाभर गाडीवरून उतरवायचं आणि बाहेरचा चालक ठेवायचा. ठरावाखाली माझी सही आहे.

बाहेरचा चालक पुरुष होता, अनुभवी होता. त्याच्या हातीही टायर तसेच झिजले. तेव्हा त्याला कुणी काही म्हणालं नाही. म्हणाले, ‘गाडीतच काहीतरी असेल.’ मैत्रिणींनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. ती चालवत होती तेव्हा दोष बाईत होता. तो चालवू लागला, तोच दोष गाडीत गेला.

मग शोधाशोध केली. मोटारसायकलवरून मागून येणारा एक मुलगा सहज म्हणाला होता, “तुमची गाडी कुर्लीसारखी चालते.” ते आम्ही हसण्यावारी नेलं होतं. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आमच्या वाडीजवळ राहतात. त्यांना ते सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “आधी मोजा, मग बोला. टेप आणि ओळंबा आणा.” मी विचारलं, कुणाला बोलावू? म्हणाले, “जी चालवते तिला.”

शाळेच्या सिमेंटच्या अंगणात रविवारी आम्ही सातजणी जमलो. पहिल्यांदा काकांनी टायर दाखवला. म्हणाले, टायर खोटं बोलत नाही. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात. हवा जास्त असेल तर मधला भाग झिजतो. जोरात ब्रेक मारून चाक लॉक होत असेल तर एकेका ठिकाणी चट्टे पडतात. वळणं वेगानं घेतली तर बाहेरच्या कडा गोल होतात. तुमचे दोन्ही टायर आतल्या कडेनं, सगळ्या घेरात सारखे झिजलेत. आणि हात फिरवून बघा. आम्ही फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखी धार. हे चालवण्याचं लक्षण नाही, चाक तिरकं राहून घासत गेल्याचं आहे. दोन मिनिटांत तिच्यावरचे दोन्ही आरोप पडले. आमच्या तीन बैठकांना जे जमलं नाही, ते एका टायरनं सांगितलं.

मग मोजणी. ही तुम्हीही करू शकाल, म्हणून सावकाश सांगते. चारही चाकांत हवा पुस्तकात दिलेली, गाडी रिकामी, जमीन सपाट, स्टिअरिंग सरळ. पुढच्या दोन्ही टायरांवर मागच्या बाजूला, धुऱ्याच्या उंचीवर, पट्ट्याच्या बरोबर मध्ये खडूची खूण करायची. खुणेवरून ओळंबा सोडून जमिनीवर फुली मारायची. दोन फुल्यांमधलं अंतर लिहायचं. मग गाडी हातानं पुढे ढकलायची, चाक अर्धा फेरा फिरेपर्यंत. म्हणजे त्याच खुणा पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतील. पुन्हा ओळंबा, पुन्हा अंतर. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. पुढचं अंतर दोन-तीन मिलीमीटर कमी असेल तरी बहुतेक गाड्यांना चालतं. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. याला गॅरेजमध्ये ‘टो’ म्हणतात. आमचं पुढचं अंतर दहा मिलीमीटर जास्त निघालं. चाकं पुढून फाकलेली होती.

दहा मिलीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. हिशेब करा. प्रत्येक चाक पाच मिलीमीटर तिरकं, टायरचा व्यास सुमारे सातशे मिलीमीटर. म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना प्रत्येक टायर सात मीटर आडवा घासतो. दापोली ते खेड एका खेपेला सुमारे दोनशे मीटर, टायर रस्त्यावर आडवा खरवडत जातो. झिजेल नाही तर काय?

हे झालं कसं? इथे सगळ्यांनी एक करा. भिंतीसमोर उभ्या राहा, हात सरळ पुढे करा, बोटं भिंतीला टेकवा. आता खांदा न हलवता हात खाली आणा. बोटं भिंतीपासून सुटतात ना? हाताची लांबी कमी झाली नाही, पण पोच कमी झाली. चाकाला वळवणारा जो दांडा असतो, टाय रॉड, त्याचं असंच होतं. पुढची बाजू उचलली की दांड्याचा कोन बदलतो, पोच बदलते आणि चाकाची दिशा बदलते. म्हणून गाडीची उंची बदलली की अलाइनमेंट नव्यानं करावंच लागतं. उंचीबरोबर आणखी दोन गोष्टी बदलतात. एक, चाक वरून आत किंवा बाहेर कलतं, त्याला कॅम्बर म्हणतात. दुसरी, चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस पुढेमागे किती कलला आहे, त्याला कॅस्टर. नुसती मागची बाजू उंच केली आणि पुढची तशीच ठेवली तर कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मागे फिरत नाही, आणि गाडी वेगात भिरभिरते.

पण आमचं खरं दुखणं मागे होतं. काकांनी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यावरून ओळंबे सोडायला लावले आणि दोन्ही बाजूंचं अंतर मोजायला सांगितलं. उजवीकडचं अंतर डावीकडच्यापेक्षा बारा मिलीमीटर जास्त. जवळजवळ बोटभर. म्हणजे मागचं उजवं चाक मागे सरकलेलं. जादा पाटा घालताना पाट्यांना एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगवरच्या भोकात नीट बसलं नव्हतं. वरून यू-बोल्ट तसेच आवळून टाकलेले. मागचं सगळं हाऊसिंगच तिरकं बसलं होतं. मागची चाकं गाडीला एका बाजूला ढकलत होती, आणि गाडी सरळ न्यायला ही बाई दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे धरून बसत होती. कुर्लीची चाल ती हीच.

आता साखळी लक्षात घ्या. मागचं हाऊसिंग वाकडं, म्हणून स्टिअरिंग वाकडं. आम्ही सांगितलं, स्टिअरिंग सरळ करा. त्यांनी एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून ते सरळ केलं. डोळ्यांना बरं वाटलं, पण त्यानं टो आणखी बिघडला. नंतरच्या दोन्ही अलाइनमेंटमध्ये फक्त पुढच्या चाकांकडे पाहिलं गेलं. मागचं कुणी मोजलंच नाही. खाली वाकडं तसंच ठेवून वर सरळ दाखवायचं, हे आपण घराघरांत बघतो. समझोता झाला, बाई सासरी नांदायला गेली, कागदावर सगळं सरळ. मूळ कुठे बिघडलंय ते कुणी मोजलेलं नसतं.

दुरुस्तीचा क्रम लिहून घ्या. उलटा केला तर पैसे वाया जातात. सगळ्यात आधी ढिले भाग बघायचे. चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं तर बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतात, डावीकडे-उजवीकडे हलवलं तर टाय रॉडची टोकं कळतात. बुश फाटलेत का ते बघायचं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही जायचं नाही, मजबूत स्टँड लावूनच. ढिले भाग बदलल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही. मग मागचं हाऊसिंग जागेवर आणायचं आणि यू-बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचे. मग चारही बाजूंची उंची मोजायची. मग कॅस्टर आणि कॅम्बर. आणि सगळ्यात शेवटी टो. त्या वेळी स्टिअरिंग सरळ बांधून ठेवायचं आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड जुळवायचे. काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण नवीन बसवलेले पाटे दबतात.

एक गोष्ट मशीनबद्दल. अलाइनमेंट करायला जाल तेव्हा चारही चाकांचं करायचं, हे सांगा. आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागा. पोलीस ठाण्यात आपण एफआयआरची प्रत मागितल्याशिवाय हलत नाही, इथे का हलावं? तो कागद गटाच्या फायलीत लावायचा. टायर पुन्हा झिजले तर माणसावर बोट दाखवण्याआधी तो कागद काढायचा.

पाट्याचं काय केलं? यावर आमच्यात खूप वाद झाला. माल तर न्यायचाच आहे, राहू दे, असं अर्ध्याजणी म्हणत होत्या. मी कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मालक म्हणजे आपण, गट. जादा वजनासाठी कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार दंड आहे. पण दंडापेक्षा काकांचं बोलणं बायांना पटलं. पाटा वाढला म्हणून गाडीचा ब्रेक वाढत नाही. आर.सी. बुकातलं वजनही वाढत नाही. उतारावर भरलेली गाडी थांबवायची आहे ती त्याच जुन्या ब्रेकनं, आणि गाडीत बसलेली असते ती आपलीच बाई.

जादा पाटा काढला, रिंग काढल्या. हाऊसिंग जागेवर बसवलं. या वेळी गॅरेजमध्ये चौघी गेलो, चालवणारी सगळ्यात पुढे. सुरुवातीला तिथली माणसं तिच्याशी न बोलता माझ्याशीच बोलत होती, कारण माझ्या हातात फाईल होती. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, “गाडी त्या चालवतात, त्यांना सांगा.” तासाभरानं ते तिला सांगू लागले. परत आल्यावर अंगणात पुन्हा मोजलं. मागचा फरक दोन मिलीमीटरवर आला, पुढचा टो ठरल्याप्रमाणे. आता माल जास्त असेल तर एक फेरी जास्त होते. तिनं सांगितलं होतं तसंच.

तिची माफी मागायची होती. मी बैठक बोलावली. म्हटलं, जुना ठराव रद्द करून पान फाडून टाकू. ती म्हणाली, “फाडू नका. राहू दे तिथं. त्याच्याखाली नवीन लिवा.” म्हणून आमच्या इतिवृत्तात दोन्ही ठराव एकाखाली एक आहेत. पहिल्यात तिला उतरवल्याचं, दुसऱ्यात आम्ही न मोजता दोष दिला हे. तिच्या बुडालेल्या महिन्याची मजुरी गटानं दिली. खांदा बरा व्हायला मात्र बराच काळ गेला. निघून गेलेल्या दोघीजणी अजून परत आलेल्या नाहीत. दोनदा भेटून आले, पुन्हा जाईन.

या सगळ्यातून नियम तीनच केले. वस्तूबद्दल निर्णय घेताना ती वस्तू जी वापरते तिचं मत इतिवृत्तात आलंच पाहिजे, मान्य नसलं तरी. गटाची गाडी, यंत्र, चक्की दुरुस्तीला जाईल तेव्हा गटातल्या दोन बाया बरोबर जातील, कुणाचे नवरे नाहीत. आणि नुकसान झालं तर आधी मोजणी, मग चर्चा. आम्ही बायका पैशाचा हिशेब पैपर्यंत करतो. पण यंत्र आलं की ‘आपल्याला कळत नाही’ म्हणून मोकळ्या होतो. आणि जे आपल्याला कळत नाही, त्याचा दोष शेवटी आपल्यातल्याच सगळ्यात एकट्या बाईवर पडतो.

टेप, खडू आणि ओळंबा आता गाडीत सीटखाली असतात. आज गाडी बाहेर मैदानात उभी आहे. जेवणानंतर ती मैत्रीणच मोजून दाखवणार आहे. ढकलायला दहा-बाराजणी लागतील, तेव्हा पदर खोचून या.

एवढं बोलून थांबते.